सड्यावरची गुरं

पावसाळ्यात बुरोंडीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गुडघाभर गवत असतं. दापोली तालुक्यात पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण कातळावर माती वीतभरही नाही. दिवाळी सरली की गवत पिवळं पडतं आणि पुढचे सात महिने आमच्या गुरांना दुष्काळच.

ऑस्ट्रेलियात, बोट्स्वानात अशा कोरड्या माळांवर मांसासाठी गुरं पाळतात. गवत सरायच्या आत वाढलेली जनावरं विकून कळप हलका करायचा, हा तिथला हिशेब. आमची गुरं नांगराला, शेणाला आणि घरच्या दुधाला. राज्यात गोहत्येला १९७६च्या कायद्याने बंदी होती. २०१५पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यात शेतात पॉवर टिलर उतरला. म्हातारा बैल विकत घेणारा उरला नाही, बांधून पोसायला वैरण नाही. मग रात्री दावं सोडलं जातं. सोडणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. बैलाचा जीव वाचवायचा ठरवलं, तर ज्याच्या दावणीला तो बांधलाय त्याला वैरणीसाठी हात द्यायलाच हवा.

माझी गाय तांबू ठेंगणी, कोकण कपिला. २०१८ साली कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने या जातीची नोंद केली. त्याआधी कागदोपत्री ती नुसती 'गावठी'. दूध जेमतेम दोन लिटर. पण एप्रिलच्या उन्हात, तापलेल्या जांभ्यावर, भेगेत उरलेली काडी ती जिभेने ओढून खाते. जर्सी तिथे धापा टाकत सावली शोधेल.

एवढ्याशा गाईलाही दिवसाला पाच किलो सुकी वैरण लागते. सात महिन्यांचे हजार किलो झाले. भाताच्या पेंढ्याने पोट भरतं, अंग भरत नाही. म्हणून मी शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडते, दाबून ताडपत्रीखाली तीन आठवडे हवाबंद ठेवते. उघडल्यावर वास उडेपर्यंत पसरते आणि मगच घालते, तेही थोडं थोडं वाढवत. सहा महिन्यांखालच्या वासराला मात्र ते अजिबात द्यायचं नाही.

खरं धन सड्यावरच आहे. गवत फुलोऱ्यावर कापलं तर कस राहतो, पण तेव्हा परतीचा पाऊस डोक्यावर असतो. उघडीप मिळताच कापून वाळवावं लागतं. आणि जे राहतं, ते फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात एका दुपारी जातं. वाडीने मिळून जानेवारीआधी सड्याच्या कडेने दहा-बारा फूट रुंद पट्टा साफ केला, तर पुष्कळसं गवत गोठ्यापर्यंत पोहोचेल.