लाल वाइनची द्राक्षे : आधी गिऱ्हाईक, मग लागवड

कारंजा (घाडगे) तालुका संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. अंबिया व मृग या दोन्ही बहरांची फळे येथून बाहेर जातात. परंतु सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात आला म्हणजे भाव उतरतो, आणि लहान व डागी फळांस तर कोणी विचारीत नाही. अशा वेळी फळांवर प्रक्रिया करणारा कारखाना जवळपास असावा, असे बागाइतदारांस वाटणे स्वाभाविक आहे. मात्र कारखान्यासाठी फळ पिकविणे आणि बाजारासाठी फळ पिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद समजून घेण्यास सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसराचे उदाहरण उपयोगी पडेल. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी असल्याने वाइनचा धंदा येथे काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. येथे विचार करावयाचा आहे तो पिकाचा व कराराचा.

तीन घरांतील भाऊ

अकलूजजवळ, माळशिरस तालुक्यात, २००७ च्या सुमारास ‘फ्रातेली’ ही वाइनरी उभी राहिली. फ्रातेली या इटालियन शब्दाचा अर्थ ‘भाऊ’ असा आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीतील सेक्की या तीन कुटुंबांतील भावांनी मिळून हा उद्योग उभारला, म्हणून हे नाव. जमीन व शेतीचा अनुभव येथला, तर वाइन करण्याची विद्या इटलीच्या तोस्काना प्रांतातील. तेथील अनुभवी वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी लागवडीपासून मार्गदर्शन केले. ‘सांजोव्हेजे’ ही तोस्कानातील प्रमुख काळी जात येथे लावण्यात आली. ती व काबर्ने सोव्हिन्यों या दोन जातींच्या मिश्रणातून ‘सेत्ते’ नावाची लाल वाइन तयार होते.

तोस्कानातील कियांती प्रदेशाची परंपरा जुनी आहे. या प्रदेशाच्या सीमा १७१६ साली तेथील राज्यकर्त्याने ठरवून दिल्या. कोणत्या गावच्या द्राक्षांच्या वाइनला कोणते नाव द्यावे, याचा निर्णय इतक्या पूर्वी झाला होता. जात, जमीन आणि नाव यांची सांगड घातल्यावाचून मालास कायमची पत येत नाही, हे तेथील शेतकऱ्यांनी फार पूर्वीच ओळखले.

हवामानाप्रमाणे छाटणी

इटलीत हिवाळ्यात वेल झोपी जाते. तेव्हा एकदाच छाटणी करतात व सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये द्राक्षे तोडतात. आपल्याकडे वेल तशी झोपी जात नाही. म्हणून काढणीनंतर उन्हाळ्याच्या आरंभी खरड छाटणी व पावसाळा सरतासरता फळछाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. यामुळे घड पावसाच्या तडाख्यातून वाचून कोरड्या हवेत पिकतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीस येतात. छाटणी लवकर झाली व पाऊस लांबला, तर केवडा रोगाचा धोका वाढतो. परदेशी जात आणली तरी तिची निगा आपल्या हवामानाप्रमाणेच राखावी लागते, हा याचा अर्थ.

लाल वाइन कशी होते

बहुतेक काळ्या द्राक्षांचा रसदेखील जवळजवळ बिनरंगी असतो. लाल रंग व तुरटपणा सालीतून येतो. म्हणून लाल वाइनसाठी देठ काढून द्राक्षे फोडतात आणि रस, साल व बिया एकत्रच आंबवतात. यीस्ट हे सूक्ष्म जंतू साखरेचे रूपांतर मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायूत करतात. वायूमुळे साली वर येऊन जाड थर जमतो. तो दिवसातून अनेकदा रसात बुडवावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही. उष्णता साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखतात. एक-दोन आठवड्यांनी रस गाळून व चोथा दाबून वाइन वेगळी करतात आणि काही वाइन ओक लाकडाच्या पिंपांत मुरवतात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने टाकीत तळाशी साचतो व माणूस गुदमरून दगावू शकतो. त्यामुळे तपासणी केल्याशिवाय अशा टाकीत उतरणे प्राणघातक ठरते.

या सर्व कृतीत साखरेस फार महत्त्व आहे. रसातील साखर २२ ते २४ अंश ब्रिक्स असली, तर वाइनमध्ये सुमारे १२ ते १३ टक्के मद्यार्क उतरतो. तोडणीचा दिवस म्हणूनच साखर, आम्लता आणि सालीची व बियांची पक्वता पाहून ठरवितात. भरमसाट घड धरलेल्या वेलीवर साखर व रंग भरत नाहीत. तेव्हा घडांची संख्या मर्यादित ठेवून थोडा पण कसदार माल घेतात. एक टन द्राक्षांपासून साधारणपणे ६०० ते ७०० लिटर वाइन मिळते.

जोखीम कोठे आहे

वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची व बियांची असतात. ती खाण्याच्या बाजारात खपत नाहीत. याचा अर्थ असा, की वाइनरीने माल घेतला नाही तर शेतकऱ्यास दुसरे गिऱ्हाईक नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केल्यावर नाशिक परिसरात वाइनच्या द्राक्षांची लागवड झपाट्याने वाढली. पुढे २००८ ची जागतिक मंदी आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर झालेल्या हल्ल्यानंतर पर्यटनही रोडावले. वाइनचा खप घटला व माल पडून राहू लागला. अनेक शेतकऱ्यांची द्राक्षे उचलली गेली नाहीत आणि कित्येकांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. द्राक्षबाग उभी करण्यास मांडव, तारा, ठिबक व कलमे यांचा मोठा खर्च आधी करावा लागतो, आणि उत्पन्न मागाहून येते. ही हानी एका हंगामापुरती नव्हती.

संत्रा बागाइतदारांनी घ्यावयाचा बोध

हाच न्याय संत्र्यास लागू पडतो. नागपुरी संत्रा सोलण्यास सोपा व खाण्यास मधुर, म्हणून ताज्या फळाच्या बाजारात त्याचे मोल आहे. परंतु त्याचा रस काढून ठेवल्यास त्यात कडवटपणा येतो. जगातील रसाचे मोठे कारखाने व्हॅलेन्सियासारख्या, रसासाठी योग्य जातींवर चालतात. तेव्हा नवी बाग लावताना ती खाण्याच्या बाजारासाठी की कारखान्यासाठी, हे आधी ठरवावे. याबाबत नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा.

कोणत्याही कारखान्याच्या भरवशावर लागवड करण्यापूर्वी करार लेखी करून घ्यावा. त्यात जात, फळांची प्रत, साखर व आम्लतेची मर्यादा, भाव ठरविण्याची रीत, माल उचलण्याची मुदत, पैसे देण्याची मुदत आणि माल न उचलल्यास द्यावयाची भरपाई, इतक्या बाबी स्पष्ट असाव्यात. फळांची तपासणी शेतकऱ्यासमोर व्हावी, हेही लिहून घ्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागाइतदारांस एकत्र बसवून असे करारपत्र वाचून दाखवावे आणि त्यातील प्रत्येक कलमाचा अर्थ समजावून सांगावा. लहान बागाइतदार एकेकटे गेले तर अटी समोरच्याच्या चालतात. गट करून किंवा सहकारी संस्थेमार्फत बोलणी केली तर त्यांच्या शब्दास वजन येते. अकलूजच्या उद्योगात जमीन, विद्या व पैसा या तिन्ही गोष्टी आधी एकत्र आल्या, आणि मग वेली लागल्या. हा क्रम बागाइतदारांनी ध्यानी ठेवावा.