मेंडोलिन घेताना

मित्रहो, मेंडोलिनचा रंग पाहू नका. दांडी डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे का पाहा. मी चकाकीला भुललो. दांडी वाकडी निघाली, वरच्या पडद्यांवर प्रत्येक सूर बेसूर! आठ तारांच्या चार जोड्या. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात, आणि पुढची जोडी पंचमाच्या अंतरावर, थेट व्हायोलिनसारखी. तेव्हा आधी तारा जुळवायला शिका, गाणे नंतर. बोटे सोलतील, सोलू द्या. लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) संगीतकार होण्यापूर्वी रेकॉर्डिंगला हेच वाद्य वाजवीत. मात्र आपल्या यवतमाळच्या उन्हाळ्यात ते टिनाच्या छपराखाली टांगू नका. माझ्या दुसऱ्या मेंडोलिनचा सांधा मे महिन्यात असाच उकलला. तिसरे जुनेच घेतले आहे. संध्याकाळी खोलीवर या, वाजवून पाहा. नखी मी देईन.