कोंबडा रात्री दांडीवर चढत नाहीये? आधी फोनचा टाइमलॅप्स लावा

गावाकडे गावरान कोंबड्या पाळणारे मित्र मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. परवापर्यंत खुराड्यातल्या दांडीवर झोपणारा कोंबडा आता खाली कोपऱ्यात बसतो, तो आजारी आहे का? सोबत फ्लॅश मारून काढलेला एक फोटो असतो. त्या एका फोटोवरून डॉक्टरलाही फारसं कळणार नाही, मला तर नाहीच. पण त्याच फोनने तीन संध्याकाळी नीट रेकॉर्डिंग केलं, तर उत्तर बरंच जवळ येतं.

संध्याकाळच का? कोंबडा दिवसा आजार लपवतो. अशक्त दिसणाऱ्याला शिकारी आधी उचलतो, हे त्याच्या रक्तातच आहे. तुम्ही जवळ गेलात की मान ताठ करून उभा राहतो आणि तुम्हाला वाटतं, ठणठणीत आहे. दिवेलागणीला मात्र त्याला उडी मारावी लागते. त्याला अंधारात जवळपास दिसत नाही, म्हणून उजेड जायच्या आत उंच जागा पकडायची घाई असते. त्या उडीला पाय, पंख आणि दम तिन्ही लागतात. म्हणजे ही त्याची रोजची फिटनेस टेस्टच म्हणा ना!

फोन कसा लावायचा

घरात पडून असलेला जुना फोन चालेल. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी तो खुराड्यासमोर पक्का टेकवा, दांडी आणि जमीन दोन्ही फ्रेममध्ये येऊ द्या, टाइमलॅप्स सुरू करा आणि तिथून निघून जा. तुम्ही समोर असाल तर तो तुमच्याकडेच बघत बसतो. अर्ध्या तासाचं दृश्य एखाद्या मिनिटात पाहायला मिळतं. जागा आणि वेळ तीच ठेवून तीन दिवस करा. अंधार पडल्यावर फ्लॅश नको, त्याने सगळी बिथरतात. रात्रीचं बघायचंच असेल तर इन्फ्रारेडचा साधा सीसीटीव्ही कॅमेरा बरा, कारण तो प्रकाश कोंबड्यांना दिसत नाही.

तुऱ्याचा फोटो मात्र दिवसा, सावलीत आणि फिल्टर बंद ठेवून काढा. शेजारी पांढरा कागद धरा. फोन स्वतःच्या मनाने रंग बदलतो. कागद पिवळट दिसला तर तुऱ्याच्या रंगावरही भरवसा ठेवू नका.

व्हिडिओत काय बघायचं

उडी मारायचा प्रयत्न करून तो खाली पडतो, की दांडीकडे जातच नाही? माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे.

प्रयत्न करून पडत असेल तर आधी पाय उचलून बघा. तळव्याला सूज आणि मधे काळी खपली असेल तर जखमेतून जंतू गेलेत. नडगीवरचे खवले उचलल्यासारखे, खडबडीत झाले असतील तर खवल्यांखाली बारीक किडे आहेत. तरण्या कोंबड्याचा एक पाय पुढे आणि एक मागे असा लुळा पडत असेल तर मरेक्सची शंका घ्यायची. त्यावर औषध नाही, लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच द्यावी लागते.

दांडीकडे जातच नसेल, किंवा चढून पुन्हा उतरत असेल, तर दोष दांडीचा असू शकतो. साक्रीकडे माझ्या मामांचा कोंबडा आठवडाभर कडुनिंबावर जाऊन झोपायचा. मामी म्हणाल्या, "उन्हाळा आहे, गरम होत असेल." पटण्यासारखं होतं. जळगाव-धुळ्याचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे, आणि कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडी ठेवून धापा टाकणं एवढाच तिचा कूलर. पण टाइमलॅप्समध्ये वेगळंच दिसलं. कोंबडा रोज खुराड्यात जायचा, दांडीवर बसायचा, पाय झटकायचा आणि बाहेर यायचा. रात्री नऊला टॉर्च घेऊन दांडीच्या फटी बघितल्या, तर चपटे, करडे गोचीड बाहेर पडत होते. हे गोचीड दिवसा फटीत लपतात, रात्री रक्त पितात आणि काहीही न खाता कित्येक महिने तग धरतात. दिवसा कोंबडा तपासला तर अंगावर एकही सापडत नाही. आम्ही दांडी काढून जाळली, फटींत उकळतं पाणी ओतून त्या बुजवल्या आणि फवारणीचं औषध डॉक्टरांना विचारून आणलं.

तिसरं कारण म्हणजे भाऊबंदकी. नवा कोंबडा वरची जागा घेतो आणि म्हातारा खालच्या दांडीवर येतो. तुरा लाल असेल, दाणे नीट टिपत असेल तर हा आजार नाही. इथे आवाजही रेकॉर्ड करून बघा. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की सतत मंद उजेडात ठेवलं तरी कोंबडे आतल्या घड्याळावर आरवतात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याला माहीत होतं. झाकलेलं कोंबडं आरवायचंही राहत नाही, हे त्यांनी दाखवलं. २०१५ मध्ये त्यांनीच सांगितलं, की पहाटे सगळ्यात वरच्या मानाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे क्रमाने त्याच्यामागून. तुमचा म्हातारा पहिल्यावरून दुसऱ्या नंबरवर गेला असेल तर त्याची खुर्ची गेली आहे, तब्येत नाही. आरवणंच बंद झालं किंवा आवाज घोगरा, घरघरता झाला, तर मात्र तपासणी हवी.

रात्री झोपताना गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा, ती भरलेली हवी. पहाटे ती रिकामी हवी. सकाळीही टम्म असेल तर पचन अडकलंय, रात्रीच रिकामी असेल तर त्याने खाल्लंच नाही. दांडीखालच्या विष्ठेचा फोटो काढा. वरचा पांढरा थर नॉर्मल आहे, ती कोंबड्याची लघवीच. हिरवी, पाण्यासारखी विष्ठा नॉर्मल नाही.

इथे व्हिडिओ बंद, फोन लावा

एक कोंबडा खाली बसणं वेगळं आणि एका-दोन दिवसांत तीन-चार पक्षी मान टाकणं वेगळं. तुरा निळा-काळा पडणं, डोकं सुजणं, मान पिळवटणं आणि पटापट मरतुक, ही लक्षणं मानमोडीत म्हणजे राणीखेतमध्ये दिसतात आणि बर्ड फ्लूमध्येही. नुसतं बघून फरक करता येत नाही. आपल्या खानदेशाने हे भोगलंय. २००६ च्या सुरुवातीला नवापूरला कोंबड्या मरायला लागल्या, तेव्हा तिथल्या पोल्ट्रीवाल्यांना ती राणीखेतच वाटली होती. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि १८ फेब्रुवारीला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. लाखो पक्षी मारावे लागले. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांपर्यंत पोचला होता. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तेच.

म्हणून अशा वेळी विष्ठेचा फोटो ग्रुपवर टाकून औषध विचारत बसू नका, आणि फोटोवरून आजार ओळखणाऱ्या ॲपवरही थांबू नका. १९६२ या टोल फ्री नंबरवर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. अशी मरतुक कळवणं २००९ च्या कायद्याने मालकावर बंधनकारकही आहे. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलायचा नाही, कापायचा नाही, नाल्यात टाकायचा नाही. उरलेले बाजारात न्यायचे नाहीत. फोनवर सांगायला किती पक्षी, किती मेले, पहिला कधी मेला, शेवटची लस कोणती आणि कधी दिली, एवढं लिहून ठेवा. तीन संध्याकाळचे टाइमलॅप्स असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा, कोणता पक्षी कोणत्या दिवसापासून खाली बसला ते त्यात तारखेसकट असतं.