फाल्गुनराव पाहिजे!

हौशी मंडळींच्या विनोदी नाटकासाठी नट निवडणे, हे मुलीला स्थळ पाहण्याहून अवघड काम! आमच्या कोल्हापुरात कट्ट्याकट्ट्यावर विनोदवीर. पण कट्ट्यावरचा विनोद रंगभूमीवर टिकेलच असे नाही. म्हणून मी देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधला (१९१६) फाल्गुनराव वाचायला देतो. बहुतेकजण वाचतावाचता स्वतःच हसतात. माझी पसंती, बायकोचा खराखुरा संशय आल्यासारखा वाचणाऱ्याला. पात्र गंभीर, तरच प्रेक्षक हसणार!

शाहू महाराजांनी बांधलेले, १९१५ पासूनचे आमचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत जळाले. त्यानंतरच्या निवडीत मी एक प्रश्न वाढवला, “प्रयोग कुठे, कधी, ठाऊक नाही. तालमीला याल?”

“येतो की!” असे जो म्हणाला, त्यालाच फाल्गुनराव मिळाला.