विश्लेषण : परदेशात यॉटवरून उतरताना व्हिसा लागतो का?

बिद्री (ता. कागल) : ‘जहाजावर नोकरी म्हणजे व्हिसाची कटकट नाही,’ असे जाणकार म्हणवणारेही सांगतात. मालवाहू जहाजांबाबत त्यात थोडे तथ्य आहे. हौशी प्रवासाच्या खासगी नौकेबाबत, म्हणजे यॉटबाबत, हाच समज महागात पडू शकतो.

यॉटवरचा खलाशी वेगळा का?

व्यापारी जहाजावरील भारतीय खलाशाकडे पासपोर्टसोबत ‘सीडीसी’ असते. शिवाय बंदरावर जहाज थांबले असताना किनाऱ्यावर उतरण्यासाठी खलाशाकडे व्हिसा मागू नये, अशी तरतूद आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १८५ क्रमांकाच्या करारात आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. पण सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही. हौशी यॉटवरील माणूस मात्र अनेक देशांत साधा प्रवासीच ठरतो. ऑस्ट्रेलियाचा सागरी कर्मचारी व्हिसा अशा नौकेवर चालत नाही. योग्य व्हिसा निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

बंदरात पोहोचल्यावर काय होते?

आधी कळवावे लागते : ऑस्ट्रेलियाला किमान १२ तास, न्यूझीलंडला ४८ तास. नौकेवर पिवळा ‘क्यू’ झेंडा चढवायचा आणि ठरलेल्या बंदरातच जायचे. कस्टम्स, इमिग्रेशन आणि जैवसुरक्षा तपासणी होईपर्यंत कुणीही उतरायचे नाही. पासपोर्ट, खलाशांची यादी, नौकेची नोंदणी आणि मागच्या बंदराचे निर्गमनपत्र दाखवावे लागते. न्यूझीलंडमध्ये नौकेचा तळही स्वच्छ लागतो आणि घरून नेलेला मध चालत नाही.

आधीच तयारी का हवी?

कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. थांबे फक्त चार : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाऊन. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आणि भर समुद्रात व्हिसा कार्यालय नसते. नौदलाच्या महिला चमूची ‘तारिणी’ २०१८ मध्ये परतताना सुकाणूतील बिघाडामुळे मॉरिशसला वळली. नौदलाच्या मागे सरकार असते. खासगी नौकेला मात्र वाटेतल्या संभाव्य बंदरांचाही विचार आधीच करावा लागतो.

यॉटवर नोकरीची ऑफर आली तर?

पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत कमाल ९० दिवसच राहता येते, तेही नोकरीसाठी नव्हे. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, कागद तिकडे होतील’ असे एजंट म्हणाला, तर तिथेच थांबावे. खलाशी भरती करणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा ‘आरपीएसएल’ परवाना हवा. तो महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्याची मुभा त्याला नाही. नौकेचे नाव, तिचा झेंडा, लेखी करार आणि व्हिसाचा प्रकार हातात आल्याशिवाय शेत गहाण टाकून पैसे भरू नयेत. तिकडच्या बंदरात अडकल्यावर एजंटचा फोन लागेलच, याची खात्री नसते.