शेळ्यामेंढ्यांचा आंत्रविषार व पोटांतील जंतु

खालापूर तालुक्यांतील कुंभिवलीसारख्या भातशेतीच्या गांवांत पुष्कळ खातेदारांकडे दोनचार शेळ्या असतात. सुगीनंतर घाटावरील धनगरांचे कळपही खालीं उतरतात व कांहीं शेतकरी खतासाठीं ते शेतांत बसवितात. रात्रीं धडधाकट दिसलेलें एखादें जनावर सकाळीं मेलेलें आढळतें; आणि तें बहुधा कळपांतील सर्वांत पुष्ट असतें. मग पान लागलें, दृष्ट लागली, असे तर्क होतात. परंतु अशा मरणाचें कारण पुष्कळदां आंत्रविषार हें असतें.

ह्या रोगाचा जंतु, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, बाहेरूनच यावा लागतो असें नाहीं. निरोगी शेळीच्या आंतड्यांतही तो थोड्या संख्येनें राहतो. मग एरवीं अपाय कां होत नाहीं? रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटांत असंख्य उपकारक जंतु असतात. तेच चारा व दाणा आंबवून पचवितात. त्यामुळें आंतड्यापर्यंत पिष्ट थोडेंच पोहोंचतें, आणि खाद्याअभावीं हा दुष्ट जंतु वाढत नाहीं.

परंतु हे उपकारक जंतु रोजच्या चाऱ्यास सरावलेले असतात. शेळी खळ्यावर शिरून पोटभर भात खाते, अथवा धनी एकाएकीं भरडा वाढवितो, तेव्हां तो भार त्यांस झेपत नाहीं. पोटांत आम्ल वाढतें, चारा पचविणारे जंतु मरूं लागतात, व न पचलेलें पिष्ट आंतड्यांत उतरतें. तेथें दुष्ट जंतूची झपाट्यानें पैदास होऊन तो विष सोडतो. हें विष प्रथम सौम्य असतें. जनावराच्याच पाचकरसानें तें तीव्र बनतें, रक्तांत शिरतें, आणि मेंदू व मूत्रपिंडें यांवर आघात करतें. कित्येकदां उपचारास वेळच उरत नाहीं.

पोटांतील रहिवासी जंतु रोगजंतूंस कसे रोखतात, याचें प्रसिद्ध उदाहरण फिनलंडांतील आहे. नूर्मी व रांताला या शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं दाखविलें कीं, यंत्रांत उबविलेल्या पिलांस मोठ्या निरोगी कोंबडीच्या आंतड्यांतील जंतु दिल्यास साल्मोनेला या रोगजंतूस त्यांच्या पोटांत सहसा ठाणें देतां येत नाहीं. जागा अगोदरच भरलेली असते. आईमागें फिरणाऱ्या गांवठी पिलास असें संरक्षण आपोआप मिळतें.

यावरून आमच्या बंधूंनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. दाणा अथवा भरडा एकदम वाढवूं नये. दोन आठवड्यांत थोडथोडा वाढवावा. पहिल्या पावसाचें कोंवळें गवत चरावयास सोडण्यापूर्वीं जनावरांस सुकी वैरण घालावी. खळ्यास कुंपण करावें, आणि कळप बसविण्यापूर्वीं शेतांत राहिलेल्या लोंब्यांचे ढीग उचलावे. जंतुनाशक औषध पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून पाजूं नये. तें मित्रजंतूंसही मारतें.

मुख्य उपाय लस हाच होय. पुण्यास औंध येथील सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेंत ती तयार होते. पावसाळ्यापूर्वीं ती टोंचून घ्यावी. प्रथमच टोंचलेल्या जनावरास दोनतीन आठवड्यांनीं दुसरी मात्रा द्यावी, व पुढें दर वर्षीं टोंचावें. शेळी ही अडीअडचणीच्या वेळची रोकड होय. ती एका रात्रींत जाऊं द्यावयाची नसेल, तर ज्येष्ठाची वाट न पाहतां वैशाखांतच दवाखान्याची वाट धरावी.