आकार आणि उपयोग

विद्यार्थी मित्रांनो, 'डिझाइन' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? मी एकदा हा प्रश्न वर्गात विचारला. कोणी म्हणाले, ओढणीची किनार. कोणी म्हणाले, मेंदीची वेलबुट्टी. एका मुलाने गालिच्यावरील फुले सांगितली. ही सारी उत्तरे अर्धी बरोबर होती. कापडावर किंवा हातावर जे काढतात, त्याला मराठीत 'नक्षी' म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूतील 'नक्श' आणि मराठीतील 'नक्षी' हे एकाच घरातले शब्द आहेत. पण डिझाइन म्हणजे केवळ नक्षी नव्हे. एखादी वस्तू कोण वापरणार, कशासाठी वापरणार आणि कोठे वापरणार याचा विचार करून तिचा आकार, माप व साहित्य ठरवणे, यालाच डिझाइन म्हणतात.

आपल्या घरातील तोटीचा लोटाच पाहा. त्याचे पोट गोल असते, म्हणून त्यात पाणी पुष्कळ मावते. तोंड पोटापेक्षा लहान असते, म्हणून उचलताना पाणी हिंदकळून सांडत नाही. तोटीतून बारीक धार पडते. एका हाताने लोटा धरून दुसरा हात धुता येतो आणि थोडक्या पाण्यात काम होते. हा आकार कोणी एकाने एका दिवसात शोधलेला नाही. कितीतरी पिढ्यांनी तो वापरला, त्यातील उणिवा पाहिल्या आणि थोडा थोडा सुधारला. अमेरिकेतील डिझाइनकार चार्ल्स आणि रे ईम्स हे पती-पत्नी भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले होते. 1958 साली त्यांनी सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची मनापासून प्रशंसा केली. पुढे 1961 साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. आपल्या मुंबईतही पवईच्या आय. आय. टी. मध्ये 1969 पासून हा विषय शिकवला जातो.

अमेरिकेतील वास्तुशिल्पी लुई सलिवन यांनी 1896 साली एका लेखात असा विचार मांडला की, वस्तूचे जे कार्य असते, त्यावरून तिचा आकार ठरतो. पक्ष्याचे पंख, झाडाची मुळे, वाहत्या नदीचे वळण यांनाही हा नियम लागू पडतो. पण माणसाने बनवलेल्या वस्तूंच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. कार्य खरे, पण ते कोणाचे?

हा प्रश्न मला एका विद्यार्थिनीने शिकवला. कार्यानुभवाच्या तासाला मुले कागदाची फुले कापत होती. एका मुलीची पाकळी दर वेळी वाकडी होई. कागद कापला जाण्याऐवजी पात्यांत दुमडला जाई. मी तिला दोनदा रागावलो. "लक्ष देऊन काप," असे म्हणालो. तिचे डोळे भरून आले. तेव्हा शेजारच्या मुलीने सांगितले, "सर, ती डावखुरी आहे." मी कात्री डाव्या हातात धरून पाहिली. मलाही कापता येईना!

असे का होते? नेहमीची कात्री उजव्या हातासाठी बनवलेली असते. उजव्या हाताने दाबली की अंगठा आणि बोटे दोन्ही पात्यांना एकमेकांकडे ढकलतात. डाव्या हातात तोच दाब पात्यांना एकमेकांपासून दूर सारतो. शिवाय वरचे पाते रेषेच्या आड येते, त्यामुळे कोठे कापायचे तेच दिसत नाही. ज्या कात्रीची पाती उलट बाजूंना बसवलेली असतात, ती डावखुऱ्यांच्या उपयोगाची असते. पुढच्या तासाला मी तशी एक कात्री आणली. त्या मुलीने सुंदर फूल कापले. दोष तिच्या हातात नव्हता, कात्रीत होता. मी मात्र तो तिच्या माथी मारला होता.

आता याहून मोठी गोष्ट ऐका. ही जयपूरची आहे.

अपघातात पाय गमावलेल्या लोकांना कृत्रिम पाय बसवतात. पूर्वी आपल्याकडे जे पाय मिळत, ते पाश्चात्त्य पद्धतीचे असत. ते महाग होते, पण अडचण केवळ पैशाची नव्हती. त्या पायाचा घोटा वळत नसे. तो पाय बुटात घालून वापरायचा असे. ज्या देशात लोक खुर्चीवर बसतात, टेबलावर जेवतात आणि दिवसभर बूट घालतात, तेथे तो ठीक होता. पण आपला शेतकरी चिखलात अनवाणी चालतो. तो उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. घरात शिरताना आणि मशिदीत किंवा मंदिरात जाताना आपण पादत्राणे बाहेर काढतो. मग बुटाचा पाय काय कामाचा? अनेक जण तो काढून ठेवत आणि पुन्हा कुबड्या घेत.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिरोगतज्ज्ञ होते. तेथेच रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर रुग्णांना हस्तकला शिकवत. लोक त्यांना 'मास्टरजी' म्हणत. त्यांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते, परंतु हातात कसब होते आणि नजर बारीक होती. डॉक्टरांना शरीराचे ज्ञान होते, तर मास्टरजींना साहित्याचे. दोघांनी मिळून प्रयोग सुरू केले. ट्रकच्या टायरवर नवे रबर चढवतात, तेच तंत्र त्यांनी पायासाठी वापरले. अनेक प्रयत्न फसले. शेवटी 1968 च्या सुमारास त्यांना यश आले. हाच तो प्रसिद्ध 'जयपूर फूट'.

या पायाच्या टाचेत आणि पुढच्या भागात स्पंजासारखे मऊ रबर असते. घोट्याच्या जागी हलके लाकूड असते. या सर्वांवर रबराचे आवरण चढवून तो साच्यात तापवतात. त्यामुळे हा पाय वरखाली वाकतो आणि दोन्ही बाजूंनाही थोडा वळतो. उंचसखल जमिनीवर तो टेकतो. पाण्याने खराब होत नाही. उकिडवे बसता येते, मांडी घालता येते, सायकल चालवता येते. बुटाची गरजच उरत नाही. या कार्याबद्दल डॉ. सेठी यांना 1981 साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जयपूरमध्ये 1975 साली स्थापन झालेली एक संस्था हे पाय गरजूंना विनामूल्य बसवते. भारताबाहेरही, अफगाणिस्तानसारख्या देशांत, ते पोहोचले आहेत. सुरुंगांनी पाय गमावलेली कितीतरी माणसे त्यांच्या आधाराने पुन्हा उभी राहिली.

आता एक गमतीचा प्रश्न विचारतो. या रबरी पायाला बोटे असतात. त्याचा रंगही कातडीसारखा असतो. चालण्यासाठी बोटांच्या आकाराची किंवा रंगाची काय गरज? नुसता गोळा लावला असता तरी चालले असते, असे कोणी म्हणेल. पण ज्याने पाय गमावला, त्याला विचारा. चारचौघांत अनवाणी बसताना कोणी टक लावून पाहू नये, असे त्यालाही वाटते. म्हणजे दिसणे हीसुद्धा एक गरज आहे. उपयोग म्हणजे केवळ काम भागणे नव्हे. माणसाचा मान राखणे हाही वस्तूचा उपयोगच आहे. तोटीच्या लोट्यावर कारागीर दोन वेली कोरतो, तेव्हा तोही हेच जाणत असतो. मात्र वेल कोरताना तोटीचे छिद्र बुजले, तर त्या नक्षीला काय अर्थ?

मित्रांनो, आज घरी गेल्यावर एखादी वस्तू हातात घ्या. विळी, चमचा, दप्तर, पाण्याची बाटली, काहीही चालेल. तिचा आकार असाच का, हे स्वतःला विचारा. घरातील वृद्ध आजीला किंवा लहान भावाला ती नीट वापरता येते का, तेही पाहा. वापरता येत नसेल तर त्यांना हसू नका आणि माझ्यासारखे रागावूही नका. आधी त्या वस्तूकडे पाहा. कदाचित तुमच्यापैकीच कोणी उद्या ती सुधारेल.